रुमालातले गाव

मी राहतो छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्यात. ज्यांनी हे शहर पाहिले आहे त्यांना औरंगपुरा नवा नाही. जवळच गुलमंडी, जवळच पैठण दरवाजा. वस्तीत एकनाथ महाराजांचे मंदिर, १९१५ साली सुरू झालेल्या सरस्वती भुवन संस्थेची शाळा, बळवंत वाचनालय, जिल्हा परिषदेची कचेरी, आणि वह्या-पुस्तकांची दुकाने. जून महिना लागला की खेड्यापाड्यांतले आईबाप मुलांना घेऊन पुस्तकांसाठी इथे येतात. कागद नसता तर औरंगपुऱ्याला कामच उरले नसते, असे मी थट्टेने म्हणत असतो.

आज मला बोलायचे आहे ते जुन्या कागदांविषयी. जुन्या हस्तलिखित पोथ्या, जुनी सरकारी दफ्तरे ग्रंथालयांतून आणि अभिलेखागारांतून जपून ठेवलेली असतात. ती कशासाठी ठेवतात, आणि नांगर धरणाऱ्याचा, फळ्यावर खडू धरणाऱ्याचा त्यांच्याशी काय संबंध, एवढाच आजचा विषय.

प्रथम माझा स्वतःचा एक अपराध सांगतो.

माझे आजोळ पैठण तालुक्यातले, गोदाकाठचे. आजीच्या सासऱ्यांकडे गावची पटवारकी होती. घराच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे होते. आजी त्यांना ‘रुमाल’ म्हणायची. आत लांबट, जाड, पिवळसर कागद. त्यावर आडवी रेघ ओढून तिला लोंबती अशी गिचमीड अक्षरे. घरात ती कोणालाच वाचता येत नव्हती. वाळवीही लागली होती. तेव्हा एका सुट्टीत असे ठरले की, हे सगळे काढून टाकावे. सकाळी आंघोळीचा बंब पेटवण्याचे काम माझ्याकडे असे. ते कागद छान पेटत. पंधरा-वीस दिवस आम्ही त्यांच्यावर पाणी तापवले.

एक पान तेवढे राहिले. कागद मजबूत म्हणून मी त्याचे माझ्या गणिताच्या पुस्तकाला कव्हर घातले होते. पुढे मी कॉलेजात गेल्यावर मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना ते सहज दाखवले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. वर सन होता फसली १३०९. फसली सनात ५९० मिळवले की सुमारे इसवी सन येतो, म्हणजे १८९९. दुष्काळाचे साल! खाली याद होती, पेवातून कोणाला किती ज्वारी दिली त्याची. तेवीस नावे. कोणाला दोन पायल्या, कोणाला एक. काही नावांपुढे मागाहून, निराळ्या शाईने लिहिले होते, ‘मयत’. दोन नावांपुढे लिहिले होते, ‘परागंदा’. म्हणजे गाव सोडून गेले, कुठे गेले पत्ता नाही.

वाचून झाल्यावर त्या गृहस्थांनी मला विचारले, “पुढचे पान कुठे आहे? ही ज्वारी परत घेतली की माफ केली, ते पुढच्या पानावर असणार.”

पुढचे पान मी बंबात घातले होते.

श्रोते हो, असे बंब घरोघर पेटलेले आहेत. कुठे पोथ्या रद्दीच्या तागडीत गेल्या, कुठे जीर्ण झाल्या म्हणून भक्तिभावाने गोदावरीत सोडल्या. जाळणारा वाईट नव्हता आणि सोडणाराही वाईट नव्हता. कागद आपल्याशी बोलेनासा झाला, म्हणजे तो कचरा वाटू लागतो.

आता हे जुने कागद मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात, ते समजून घेऊ. एक पोथी आणि दुसरे दफ्तर. पोथी म्हणजे ग्रंथ: कोणी रचला, पुष्कळांनी उतरवून घेतला. दफ्तर म्हणजे व्यवहारात जन्मलेले कागद: हुकूम, सनदा, हिशेब, वसुलाच्या यादी, जबान्या, पत्रे. पोथी लिहिणाऱ्याला ठाऊक असते की, ही पुढे वाचली जाणार आहे. दफ्तर लिहिणाऱ्या कारकुनाला असे काही वाटत नाही. त्याला त्या दिवशीचे काम उरकायचे असते. म्हणून पोथीत आपल्याला विचार सापडतो आणि दफ्तरात माणसे सापडतात.

पोथ्यांच्या बाबतीत आपला मराठवाडा मोठा भाग्यवान. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली जात होती. उतरवताना कोणाचा शब्द चुकला, कोणी आपल्या पदरची ओवी घातली. तेव्हा पैठणला एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती मिळवल्या, त्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी बजावले की, यात कोणी आपली ओवी घालू नये. आज विद्यापीठांतले विद्वान ज्याला पाठचिकित्सा म्हणतात ते काम गोदाकाठी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी झाले. नाथांनी प्रती जमवल्या नसत्या, तर शुद्ध कशावरून केले असते? आणि लोकांनी त्या प्रती घरोघर जपल्या नसत्या, तर जमवल्या तरी कुठून असत्या?

आणखी दोन उदाहरणे. धाराशिव जिल्ह्यातले परांडे तालुक्यातले डोमगाव तुम्हांपैकी कित्येकांना माहीत असेल. तिथल्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्या आधाराने धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ साली दासबोध छापला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुन्या वळणाची पोथी मिळाली ती बीडच्या पाटांगणला. ती त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केली. मठाधिपतींनी, पुजाऱ्यांनी, गृहस्थांनी सोवळ्यात ठेवल्या म्हणून या पोथ्या राहिल्या. श्रद्धेने त्यांचे रक्षण केले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण दफ्तराला गंधफूल कोण वाहणार? त्याचे रक्षण कोणी केले?

त्याची हकिकत याच शहरात घडलेली आहे. सतराव्या शतकात दख्खनच्या मोगली कारभाराचे हे मुख्य ठिकाण होते. साहजिकच कागदांचा डोंगर इथे साठला. किल्ले अर्कमध्ये ते दफ्तर पडून होते. मोगल गेले, निजाम आले, निजामाची राजधानी हैदराबादला गेली. कागद मात्र इथेच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते हैदराबादच्या सरकारी दफ्तरखान्यात हलवण्यात आले. शाहजहानाच्या काळातले सुमारे पाच हजार आणि औरंगजेबाच्या काळातले सुमारे दीड लाख, असा तो साठा आहे. आज तो तेलंगण राज्याच्या अभिलेखागारात आहे. डॉ. युसुफ हुसेन खान यांनी त्यांतले निवडक कागद छापले; शाहजहानकालीन निवड १९५० साली प्रसिद्ध झाली.

तुम्ही म्हणाल, बादशहांच्या कागदांत आमचे काय असणार? ऐका तर. त्या दफ्तरात शिपायांच्या हजेरीचे कागद आहेत. शिपाई चाकरीला लागला की त्याचा ‘चेहरा’ लिहून घेत. त्याचे नाव, बापाचे नाव, रंग, कपाळ रुंद की अरुंद, भुवया कशा, तीळ कुठे, जखमेचा व्रण कुठे. मग घोड्याचे वर्णन: रंग कोणता, डाग कुठे. एका शिपायाच्या जागी दुसरा उभा करून कोणी पगार लाटू नये, एवढाच हेतू. पण साडेतीनशे वर्षांनी होते काय, की बादशहाचे चित्र पाहून जे कळत नाही ते त्या कागदावरून कळते. गालावर देवीचे व्रण असलेला एक गरीब घोडेस्वार आपल्यापुढे येऊन उभा राहतो. त्याला कोणी चित्रकार बसवणार नव्हता. कारकुनाने मात्र त्याची छबी काढून ठेवली.

हे कागद टिकलेही कसे पाहा. दौलताबादेहून खुलताबादेला जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. त्या गावात शेकडो वर्षे हातकागद बनत आला. चिंध्या आणि जुने दोरखंड कुटून, भिजवून त्यांचा लगदा करायचा, चाळणीवर धरायचा, वाळवायचा, खळ लावून घोटायचा. अशा कागदावर काजळाच्या शाईने बोरूने लिहिले की, पाणी आणि वाळवी यांपासून जपल्यास तो तीन-चार शतके हलत नाही. उलट आपल्या लहानपणचे वर्तमानपत्र आज हातात धरा. त्याचा भुगा होतो. माझ्या गणिताच्या पुस्तकापेक्षा त्याचे कव्हर अधिक टिकले, यात नवल नाही.

तेव्हा कागद टिकणे ही एक गोष्ट झाली. पण तेवढ्याने भागत नाही. कागद ठेवायला जागा लागते आणि जागा राखायला कोणाला तरी गरज लागते. पुण्याचे पेशवे दफ्तर घ्या. १८१८ साली पेशवाई गेली आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी ते इतिहासाच्या प्रेमाने राखले असे समजू नका. इनाम जमिनी कोणाकडे, कोणत्या सनदेने चालत आल्या, हे तपासायला त्यांना ते कागद हवे होते. पुढे १८९१ साली त्यासाठी पुण्यात खास इमारत झाली. पण संशोधकांना तिथे सहजी प्रवेश नव्हता. राजवाडे यांच्यासारखा माणूस बाहेरच राहिला. त्यांनी गावोगाव पायपीट करून खासगी घरांतले कागद मिळवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत काढली. शेवटी गो. स. सरदेसाई यांच्याकडे काम आले आणि १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून निघाले. तेव्हा कुठे बंद खोलीतले कागद लोकांचे झाले.

आता तिसरी गोष्ट. कागद आहे, जागा आहे, पण वाचणारा नसला तर? मराठवाड्याचे खरे दुखणे हेच आहे.

आपल्याकडे एकाच जमिनीचे कागद निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत सापडतात. गावचा हिशेब पटवारी मोडीत लिही. वरच्या कचेरीची भाषा प्रथम फारसी. १८८० नंतरच्या दशकात फारसी जाऊन उर्दू आली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. बाळबोध मराठी कारभारात आली. त्याच सुमारास शाळांतून मोडी गेली. फार चांगल्या हेतूने गेली. छापायला बाळबोध सोपी, मुलांना एक लिपी कमी. पण झाले काय, की आजोबांनी लिहिलेले नातवाला वाचता येईना. एका आयुष्यात घरचे कागद परके झाले.

मोडी काही फार अवघड नाही बरे. हात न उचलता लिहायची लिपी ती. इ-ई, उ-ऊ असा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडण्याची रीत नाही, म्हणून पहिल्या दिवशी घाबरायला होते. शिक्षकाने रोज एक तास दिला तर दोन-तीन महिन्यांत अक्षर लागू लागते. सराव मात्र लागतो, कारण ज्याचे त्याचे वळण निराळे. आपल्या राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही चालवीत आले आहे. त्याचे एक कार्यालय आपल्या शहरातही आहे.

वाचणारा भेटला म्हणजे काय होते, याचे एक नाव सांगतो: सेतुमाधवराव पगडी. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला १९१० साली जन्मलेला हा माणूस. हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी केली आणि फारसीवर प्रभुत्व मिळवले. मोगल दरबारची बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली. भीमसेन सक्सेना नावाचा एक मोगली कारकून होऊन गेला. औरंगाबादेत लहानाचा मोठा झालेला. त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेली हकिकत फारसीत लिहून ठेवली होती. पगडींनी ती मराठी वाचकाच्या हाती दिली. कागद तोच, पण वाचणारा मिळाल्यावर तो बोलू लागला.

आणि हे केवळ विद्वानांचे काम आहे असे मानू नका. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तहसील, शाळा, जुन्या कचेऱ्या यांतले निजामकाळातले कागद बाहेर निघाले. त्या प्रश्नाच्या वादात मी इथे शिरत नाही. ते माझे काम नव्हे. मला एवढेच सांगायचे आहे की, त्या दिवसांत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: “मोडी वाचणारा कोणी आहे का? उर्दू वाचणारा कोणी आहे का?” ज्या कागदांना आपण रद्दी म्हणत होतो, त्यांच्यासाठी लोक कचेरीच्या दारात उभे होते. गरज पडल्यावर विहीर खणायची, तसलाच हा प्रकार.

बरे, ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात कागद गेला म्हणजे त्याचे करतात काय? पुष्कळांची समजूत अशी की, कुलुपात टाकतात आणि विसरतात. तसे होऊ नये म्हणून त्याचे शास्त्र आहे. प्रथम कागद झाडून, उन्हाची झळ न लावता हवेशीर सावलीत ठेवतात. वाळवी, कसर आहे का पाहतात. मग पानांवर शिसपेन्सिलीने क्रमांक घालतात. कुठून आला, कोणी दिला, त्याची नोंद करतात. ज्या रुमालात जे कागद ज्या क्रमाने होते, तो क्रम मोडत नाहीत. कारण शेजारचा कागदच पुष्कळदा अर्थ सांगतो. माझ्या तेवीस नावांचे पाहा ना, पुढच्या पानावाचून ती अर्धवटच राहिली.

आणि सर्वांत मोठे काम म्हणजे सूची. सूचीवाचून कागद असून नसल्यासारखा. पेवाचे तोंड कुठे आहे ते विसरले, तर आत शंभर मण ज्वारी असली तरी घरचे उपाशीच राहायचे. तसे ते आहे. म्हणून कोणत्याही ग्रंथालयात गेलात तर ‘तुमच्याकडे किती पोथ्या आहेत’ असे विचारू नका. ‘सूची दाखवा’ असे म्हणा. वाचक सूची पाहून चिठ्ठी देतो, सेवक कागद आणून देतो. वाचक तिथेच बसून वाचतो, शाईचे पेन न वापरता पेन्सिलीने टिपण करतो आणि कागद परत देतो. कागद बाहेर जात नाही.

आता तुमच्या घरचे, गावचे काय करायचे, ते सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

घरात जुना रुमाल असेल तर तो स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा. जमिनीवर, भिंतीला टेकून किंवा चुलीच्या धुरात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. जुन्या लोकांची कडुनिंबाचा वाळला पाला आणि वेखंड ठेवण्याची रीत आहे. ती वाईट नाही, पण पाला कागदाला चिकटू देऊ नका. वर्षातून दोनदा तरी उघडून पाहा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. फाटले म्हणून चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक कागद खातो. टाचणी, स्टेपलची पिन नको, तिचा गंज चढतो. आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. लोक मोठ्या हौसेने सनद लॅमिनेट करून भिंतीवर लावतात. ती पुन्हा त्यातून सुखरूप निघत नाही.

मोबाइल आज घरोघर आहे. दिवसाच्या उजेडात, सावलीत प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. शेजारी चिठ्ठी ठेवा: गाव, घर, पान क्रमांक. एवढे केले तरी अर्धी लढाई जिंकली. पण छायाचित्र म्हणजे मूळ कागद नव्हे. चित्र काढले म्हणून कागद टाकू नका.

तारखांची कोष्टके वहीत टिपून ठेवा. शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. इसवी सन येईल, एखाद्या वर्षाचा फरक धरावा. हिजरी सन चांद्र असल्यामुळे त्याला असली सोपी बेरीज चालत नाही. कोष्टकच पाहावे लागते. उर्दू कागदावर आजूर, बहमन, खुर्दाद असे महिने दिसले तर गोंधळू नका, ते निजामी फसली सनाचे महिने होत.

गावांची जुनी नावेही ठाऊक हवीत. अंबाजोगाई पाहिजे असेल तर मोमिनाबाद शोधा, धाराशिव पाहिजे असेल तर उस्मानाबाद. आमचे हे शहर कागदांत खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, खुजिस्ता बुनियाद अशा नावांनी येते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलले तरी जुन्या कागदावरचे नाव बदलत नाही, आणि ते खोडून नवे लिहिण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.

गुरुजी, तुमच्या शाळेच्या कपाटात एक अभिलेख आहेच. प्रवेश-निर्गमाचे जनरल रजिस्टर! मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, कोणत्या इयत्तेत आला, कधी शाळा सोडली. शंभर वर्षांपूर्वीचे रजिस्टर असेल तर ते तुमच्या गावचे दफ्तरच आहे. सरकारी नियमांत काही कागद ठराविक वर्षांनी नष्ट करायचे असतात, काही कायम राखायचे असतात. हे रजिस्टर कायमचे. पावसाळ्यात छत गळले तर आधी ते हलवा, मग टेबल-खुर्च्या. मुलांना ते एकदा दाखवा. ‘हे बघ, तुझ्या पणजोबांचे नाव’ म्हटल्यावर इतिहासाचा तास निराळा शिकवावा लागत नाही.

एक शंका खेड्यातून हटकून येते. “साहेब, कागद ग्रंथालयात दिला आणि उद्या जमिनीचा वाद निघाला तर?” शंका रास्त आहे. ज्या कागदावर आजचा हक्क उभा आहे, खासरा, सेतवार, मुंतखब, खरेदीखत, तो तुमच्याजवळ ठेवा. त्याची नक्कल द्या. ज्याचा व्यवहार संपला आहे अशी जुनी याद, हिशेब, पत्रे, पोथी, ती मूळ स्वरूपात द्यायला हरकत नाही. पण पोच घेतल्यावाचून देऊ नका. पोचेवर पानांची संख्या लिहून घ्या. आणि सूचीत कोणत्या क्रमांकाखाली लागली ते सहा महिन्यांनी जाऊन विचारा. देणाऱ्याने विचारत राहिले पाहिजे. त्याने ठेवणाराही जागा राहतो.

आणखी एक सावधगिरीची सूचना. जुने म्हणजे सगळे खरे, असे नव्हे. इनामासाठी बनावट सनदा पूर्वीही होत. कारकून लाच खाऊन कमी-जास्त लिही. आणि पुष्कळांची नावे कागदावर आलीच नाहीत. वेठीला धरलेला माणूस, बिनजमिनीचा मजूर, घरातली बाई, यांची नोंद करावी असे त्या काळी कोणाला वाटले नाही. म्हणून एका कागदावर भिस्त ठेवू नये. दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावे. नाथांनी प्रती ताडल्या, तसेच. आणि ज्यांचे कागदच नाहीत त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, त्यांचे बोल आज लिहून ठेवावेत. उद्याचे दफ्तर आपणच लिहिणार आहोत.

श्रोते हो, माझे ते एक पान मी पुढे एका ग्रंथालयाला दिले. त्याला क्रमांक पडला, सूचीत एक ओळ आली. बाळबोधात उतरवून मी ते आजोळच्या गावी घेऊन गेलो आणि पारावर वाचून दाखवले. तेवीस नावांपैकी सात-आठ नावांची घरे आजही गावात निघाली. ‘परागंदा’ लिहिलेल्या एका नावाशी मी आलो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “तो आमचा चुलत पणजोबा. आम्ही समजत होतो, तो भांडून गेला.” थोडा वेळ कोणी बोलले नाही. भांडून गेला नव्हता. भुकेने गेला होता. एवढे कळायला त्या घराला शंभरावर वर्षे लागली. जळून गेलेल्या पानांवर आणखी कोणाचे काय होते, ते आता कोणालाच कळायचे नाही.

तेव्हा विनंती एवढीच. आज घरी माळ्यावर चढून पाहा. फडक्यात बांधलेले काही असेल तर ते खाली घ्या, झटका, आणि वाचणारा मिळेपर्यंत नीट बांधून ठेवा. वाचणारा मिळत नसेल, तर तुमच्यापैकीच एकाने मोडीचा वर्ग गाठावा. बंब पेटवायला दुसरे सरपण मिळेल.